आधी दीर्घिका, मग भरीत

मागच्या महिन्यात धुळ्याला आमच्या कॉलनीच्या गच्चीवर कुणीतरी दुर्बीण लावली होती. पोरंसोरं, त्यांच्या आया, गुडघे धरून जिना चढलेले आजोबा, सगळ्यांनी रांग लावून शनी पाहिला आणि त्याचं कडं बघून टाळ्या पिटल्या. मीही पाहिला. पण माझ्या कानात एक करडा आवाज घुमायला लागला, ‘‘शनीले काय पाहता? दागिना घातलाय म्हणून पाहता! कडं काढून ठेव म्हणा त्याले, मंग कोण ओळखतं ते पाहू.’’

हा आवाज सावद्याच्या नानांचा. मी बँकेच्या नोकरीत सावद्याला बदलून गेले तेव्हा त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून राहिले. मी मूळची शिंदखेड्याची, ‘आहे’ला ‘शे’ म्हणणाऱ्या अहिराणी मुलखातली. पहिल्याच दिवशी मी काकूंना ‘‘पाणी कोठे शे?’’ असं विचारलं, आणि खाली बसलेल्या नानांनी वर न बघताच जाहीर केलं, ‘‘घ्या, ‘शे’वाली आली. आता आपल्या घरात दोन देश झाले.’’ तेव्हापासून मी त्यांच्यासाठी परदेशी. बँकेतली म्हणून हाक मात्र ‘मॅडम’.

नाना हायस्कूलात भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. भूगोल त्यांच्या अंगात इतका मुरला होता की कुठल्याही वस्तूची जागा ते दिशेनं सांगत. काकूंनी चष्मा कुठे ठेवला म्हणून विचारलं, तर ‘‘फ्रिजच्या ईशान्येला’’ असं उत्तर यायचं. काकू आधी मनातल्या मनात नानांच्या ईशान्येचा उद्धार करायच्या आणि मग चष्मा शोधायच्या. जेवायला ते उत्तरेकडे तोंड करून बसत. हे शास्त्राला धरून आहे की विरुद्ध, याची त्यांना पर्वा नव्हती. उत्तरेला त्यांची दीर्घिका होती, एवढंच.

ही दीर्घिका म्हणजे काय प्रकरण आहे ते मला पहिल्याच आठवड्यात समजावण्यात आलं. नको म्हणायची सोय नव्हती, कारण जिन्याच्या पहिल्या पायरीवर नाना बसलेले असत. आपली आकाशगंगा असते ना, तशाच आणखी कितीतरी आकाशगंगा दूर-दूर आहेत, त्यांना दीर्घिका म्हणायचं. काहींना भोवऱ्यासारखे सुंदर हात असतात, त्यांचे फोटो कॅलेंडरवर येतात. नानांची दीर्घिका तसली नव्हती. ती नुसतीच लंबगोल. उत्तरेच्या आकाशात, सप्तर्षींच्या शेजारात, काही कोटी प्रकाशवर्षं लांब. तिला नाव नाही, फक्त यादीतला नंबर.

‘‘तिच्यात नवे तारे जन्मत नाहीत, मॅडम. सगळे म्हातारे. तांबूस झालेले, शांत बसलेले. ना धूळ, ना गडबड. पेन्शनर दीर्घिका आहे ती.’’

‘‘मग पाहायचं काय तिच्यात?’’ मी विचारलं.

‘‘पेन्शनरात काय पाहायचं असतं?’’ नाना दुखावल्या स्वरात म्हणाले. ‘‘आहेत अजून, हे पाहायचं.’’

अंतराचा हिशोब ते एसटीच्या भाषेत सांगत. त्या उजेडाची गाडी तिथल्या स्टँडवरून सुटली तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता, सावदा नव्हतं, केळीही नव्हती. मधे कुठे चहाला थांबा नाही. आणि ती गाडी नेमकी आपल्या केळीच्या मळ्यात येऊन पोचते, तर उतरवून घ्यायला कुणी नको का? काकू आतून म्हणायच्या, ‘‘रावेरहून पोरगी येऊ राह्यली, तिले उतरवून घ्या आधी.’’

दुर्बिणीचा आरसा त्यांनी पुण्याहून मागवला होता. बाकी सगळा माल गावचा. नळी म्हणजे शेतात पाणी न्यायचा जाड पीव्हीसी पाइप. तो घ्यायला गेले तेव्हा दुकानदारानं किती एकराला पाणी द्यायचं म्हणून विचारलं. नाना म्हणाले, ‘‘एकर नाही, आकाश.’’ पुढची दोन वर्षं त्या दुकानात नानांचं नाव ‘आकाशवाले पाटील’ असंच होतं. नेम धरायला ठिबकच्या नळीचा वीतभर तुकडा. स्टँड केलं सलीमभाईंनी. सलीमभाई ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचे आणि त्यांच्या हाताला हलकं काही बनवताच यायचं नाही. दुर्बिणीचं स्टँडसुद्धा त्यांनी असं बनवलं की वर दोन टन ऊस चढवला तरी हूं की चूं करणार नाही. ते एकदा मळ्यात ठेवलं ते तिथेच राहिलं. चोरानंही हात लावून पाहिला असेल आणि कंबर धरून परत गेला असेल.

आता पेच असा होता की ही दीर्घिका दुर्बिणीतून दिसते ती नुसता धुरकट डाग. तोही लगेच नाही. अंधाराला डोळे सरावावे लागतात, श्वास रोखावा लागतो, आणि मुख्य म्हणजे तिच्याकडे सरळ पाहायचं नसतं. डोळा जरा बाजूला रोखायचा, मग ती कडेनं उगवते. नाना म्हणत, ‘‘व्यापारी केळीच्या चांगल्या घडाकडे सरळ पाहतो का? पाहिलं न पाहिलं करतो. तसं करायचं.’’ एवढी उस्तवार करून डाग पाहायला कोण येणार? गावात कुणी येईना.

पण नाना खान्देशात जन्मलेले. माणसं कशानं गोळा होतात हे त्यांना ठाऊक होतं. थंडी पडली की आमच्याकडे मळ्यामळ्यांत भरताच्या पार्ट्या होतात. वीतभर लांब हिरवी वांगी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर भाजायची, लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून ठेचायची, कांद्याच्या पातीची फोडणी, आणि केळीच्या पानावर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांबरोबर वाढायची. काकूंच्या हातच्या भरताचा लौकिक पार फैजपूरपर्यंत होता. नानांनी त्या लौकिकाला आपली दीर्घिका बांधून टाकली. दर हिवाळ्यात मळ्यात पार्टी. आमंत्रण सगळ्यांना. अट एकच, आणि ती ते बांधावर उभं राहून ओरडून सांगत:

‘‘आधी दीर्घिका, मग भरीत!’’

काय सांगू, सावद्यासारखी खगोलप्रेमी वस्ती मी दुसरी पाहिली नाही. माणूस यायचा, पाइपाला डोळा लावायचा आणि बूड टेकायच्या आत म्हणायचा, ‘‘दिसली!’’ नाना विचारत, ‘‘नक्की?’’ तो म्हणायचा, ‘‘एकदम क्लिअर, नाना!’’ आणि जाळाकडे सुटायचा. मीही पहिल्यांदा ‘नाही दिसली’ म्हणाले, दुसऱ्यांदा ‘दिसली’. मागे पंधरा माणसं उभी, पुढे फोडणीचा वास, आणि मी दुपारपासून उपाशी.

सलीमभाई मात्र नुसतं ‘दिसली’ म्हणून सुटायचे नाहीत. मित्राच्या मनाला बरं वाटावं म्हणून ते वर्णनही करायचे. ‘‘माशाअल्ला, नाना, काय नूर आहे! जशी ईदच्या आदल्या रातची रोशनी!’’ नाना खुलायचे. आम्हाला म्हणायचे, ‘‘पाहा. याला म्हणतात नजर.’’

सगळ्यांना दाखवायचा हा हट्ट म्हणजे फुशारकी नव्हती, हे मला हळूहळू कळलं. एकदा जिन्यावर बसून त्यांनीच सांगितलं. ‘‘मॅडम, एकट्यानं पाहिलेली गोष्ट खरी कशावरून? मी एकटाच म्हणालो सातपुडा उत्तरेला आहे, तर तो वेडाचा झटका. दहा जण म्हणाले, तर तो भूगोल. मले साक्षीदार पाहिजेत.’’ तेव्हा त्यांचा साक्षीदारांचा ताळेबंद भक्कम होता. अख्खं गाव साक्षीला होतं. एक काकू सोडून. काकूंनी कधी पाइपाला डोळा लावला नव्हता, कारण पार्टीत त्या जाळापाशी असत आणि पार्टी नसताना त्यांना पाइपाचा राग येई.

मग तो हिवाळा आला. गर्दी नेहमीपेक्षा जास्त. नानांनी तिन्हीसांजेलाच दुर्बीण तयार ठेवली होती. रात्री सप्तर्षी ईशान्येला वर चढल्यावर त्यांनी ठिबकच्या नळीतून नेम धरला, डोळा लावला, आणि खूश होऊन मान वर केली. ‘‘आज काय स्वच्छ आहे! या!’’

रांग सुरू झाली. ‘‘दिसली.’’ ‘‘दिसली, नाना.’’ ‘‘यंदा जरा मोठी झाली का हो?’’ हा तिसरा नगरपालिकेचा सदस्य होता. सलीमभाईंनी तर त्या दिवशी कमाल केली. पाइपावरून डोळा काढला, दोन्ही हात आभाळाकडे नेले आणि म्हणाले, ‘‘नाना, आज तर नूरच नूर आहे. चारी बाजूनं नूर!’’ आणि पुरी घ्यायला गेले.

तेवढ्यात काकू पदराला हात पुसत आल्या. ‘‘चला बापा लौकर, भरीत निवू राह्यलं.’’ कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, ‘‘काकू, अट सगळ्यांना सारखी. तुम्हीपण पाहा, मग जेवा.’’ हशा झाला. काकू चिडल्या आणि त्या चिडीतच वाकल्या. पाहिलं. आणखी पाहिलं.

‘‘मले तं कहीच दिसत नही.’’

‘‘बाजूला पाहा जरा,’’ नाना आर्जवानं म्हणाले.

‘‘बाजूले पाह्यलं, वर पाह्यलं, खाली पाह्यलं. गोधडीतून पाह्यल्यासारखं पांढरं पांढरं हाये सगळं.’’ असं म्हणत काकूंनी पाइपावरून हात फिरवत वर नेला. जन्म केळीत गेलेला, घड चाचपायची सवय हाताला. हात पाइपाच्या तोंडाशी गेला आणि थांबला. ‘‘अहो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘याच्यावर ही घडाची पिशवी कोणं घातली?’’

केळीच्या घडाला ऊन, धूळ आणि किडा लागू नये म्हणून कापडासारखी पातळ पांढरी पिशवी घालतात. तिला सगळे स्कर्टिंग म्हणतात. दव आणि राख पडू नये म्हणून नानांनीच संध्याकाळी ती पाइपाच्या तोंडावर चढवली होती आणि काढायची विसरले होते. मागे पऱ्हाट्यांचा जाळ, त्याचा उजेड पिशवीवर. सावद्यानं त्या दिवशी नानांची दीर्घिका पाहिली ती ही.

सलीमभाईंच्या तोंडात अर्धी पुरी होती. ती त्यांना गिळताही येईना आणि काढताही येईना. शेवटी तेच कसेबसे म्हणाले, ‘‘नाना, नूर तर होता.’’

आता नाना भडकणार, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. भडकले असते तर बरं झालं असतं. पण ते कुणाकडेच बघत नव्हते. पिशवी हातात घेऊन उभे होते, आणि लहान आवाजात म्हणाले, ‘‘पण मला दिसली होती.’’

त्या दिवशी त्यांनी भरताला हात लावला नाही.

नंतर घराची तऱ्हाच बदलली. नाना जेवायला कुठेही तोंड करून बसायला लागले. चष्मा फ्रिजच्या ईशान्येला न सापडता नुसता ‘तिथं’ सापडायला लागला. काकूंनी आधी आनंद मानला आणि चार दिवसांत त्या घाबरल्या. मला म्हणाल्या, ‘‘पोरी, याहीनं काल मले दिशा सांगितली नही. मले करमत नही व.’’

मी जिन्यावर नानांना गाठलं. ‘‘नाना, मोतीबिंदू आहे तुम्हाला. सरळ गोष्ट आहे. जळगावला जायचं, ऑपरेशन करायचं. आजकाल तासाभरात घरी पाठवतात.’’

‘‘ते मले माहीत आहे.’’

‘‘मग?’’

नाना बराच वेळ पायरीवरची नसलेली धूळ झटकत होते. ‘‘मॅडम, मोतीबिंदू एका दिवसात होत नाही. मी कधीपासून पिशवीतून पाहतोय, कुणाला ठाऊक? समजा, डोळा साफ केला. पाइप लावला. आणि तिथं काहीच नसलं तर? म्हणजे मी म्हातारपणभर काय पाहिलं? माझाच डोळा? आणि साक्षीला कोण? भरीत खाणारे?’’

मी जाऊन हे सगळं काकूंच्या कानावर घातलं.

काकूंकडे उपाय होता. त्यांनी जाहीर केलं की ऑपरेशन होईपर्यंत या घरात वांगं शिजणार नाही. नाना चौथ्या दिवशी जळगावला गेले. सोबत मी आणि काकू. तपासणीच्या खोलीत भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. वरच्या दोन ओळी त्यांनी वाचल्या. तिसरीला थांबले. डॉक्टर समजुतीनं म्हणाले, ‘‘अंदाजानं सांगा, आजोबा. थोडं दिसत असेल ना?’’ नाना खुर्चीत ताठ झाले. ‘‘अंदाजानं सांगणारी माणसं मी गावात भरपूर पाहिली. मले दिसत नाही म्हणजे दिसत नाही. लिहून घ्या.’’

ऑपरेशन उत्तम झालं. नाना काळा गॉगल लावून ओट्यावर बसायला लागले. गावातली माणसं यायची, खाली मान घालून बसायची, केळीच्या भावावर बोलायची. दीर्घिकेचं नाव कुणी काढायचं नाही. नानांना भिंतीवरची पाल दिसायला लागली, माझ्या चेहऱ्यावरचे डाग दिसायला लागले आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं. पण मळ्यात चला म्हटलं की त्यांचं डोकं दुखायचं. अमावस्या आली की जास्त दुखायचं.

थंडी सरत आली होती. महिना-दीड महिन्यानं आभाळात उन्हाळ्याची धूळ चढणार आणि मग पुढच्या थंडीपर्यंत थांबणं, हे मला त्यांनीच कधी तरी शिकवलं होतं. एका संध्याकाळी काकूंनी शाल खांद्यावर टाकली आणि म्हणाल्या, ‘‘उठा. मी पाह्यते आधी. मंग तुम्ही पाह्या, नहीतं नका पाहू.’’

आम्ही चौघे गेलो. चौथे सलीमभाई. पाइप स्टँडवर चढवायला दुसरं कोण? ना जाळ, ना पुऱ्या, ना भरीत. केळीच्या बागेतून गार वारा येत होता आणि अंधार मिट्ट होता. नानांनी पाइपाच्या तोंडावरून दोनदा हात फिरवून खात्री केली, नळीतून नेम धरला. डोळा मात्र लावला नाही. पाठ फिरवून उभे राहिले.

सलीमभाई पुढे झाले. खूप वेळ वाकून राहिले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. ‘‘नाना, खुदाची कसम, काही नाही दिसलं.’’

नाना वळले. ‘‘सलीम,’’ ते म्हणाले, ‘‘इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा माझ्याशी खरं बोललास.’’ आणि त्यांनी सलीमभाईंचा खांदा थोपटला.

मग मी पाहिलं. काळोख. दोन बारीक तारे. बाजूला पाहिलं, श्वास रोखला, पायाला डास चावले. ‘‘नाही, नाना,’’ मी म्हणाले. दोन साक्षी विरुद्ध गेल्या होत्या. नाना पुन्हा पाठ करून उभे राहिले, आता जरा वाकलेले.

काकू वाकल्या. ‘‘सरळ नका पाहू,’’ नाना पाठमोरेच म्हणाले. ‘‘कडेनं.’’

‘‘मले नका शिकवू. तुम्ही मले पाह्याले आलते तवा दाराआडून मी तुमाले कडेनंच पाह्यलं होतं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘आता गप राह्या.’’

सलीमभाई चुळबुळले तर काकूंनी पाइपावरचा डोळा न काढता हातानं त्यांना दटावलं. वेळ जात होता. मला वाटलं, आता नाना घरी जाऊ म्हणणार. तेवढ्यात काकूंचा श्वास थांबलेला मला ऐकू आला.

‘‘व माय,’’ त्या हळूच म्हणाल्या.

सलीमभाई एक पाऊल पुढे सरकले.

‘‘काही तरी हाये. गेलं. पुन्हा आलं. काया तव्यावर पिठाचं बोट फिरलं, तसं. मधे दाट हाये, कडेले इरून गेलं.’’

नाना अजून पाठमोरेच होते. शाळेत तोंडी परीक्षा घेताना घेत असतील तसल्या कोरड्या आवाजात त्यांनी विचारलं, ‘‘गोल आहे का?’’

‘‘गोल नही. लांबट.’’

‘‘कसं लांबट? हातानं दाखवा.’’

काकूंनी डोळा न हलवता उजवा हात हवेत तिरका धरला. आता मात्र नाना वळले. तो हात अंधारात नीट दिसावा म्हणून अगदी जवळ गेले. तिरकेपणाची ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. ‘दिसली’ म्हणून पळणाऱ्यांना ते सांगणार तरी कधी?

‘‘सरका,’’ नाना म्हणाले.

त्यांनी डोळा लावला. किती वेळ, ते मी मोजलं नाही. सलीमभाईंनी मधेच माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. शेवटी काकूच त्यांच्या बाहीला धरून ओढायला लागल्या. ‘‘झालं ना तुमचं? या इकडे. मले पाहू द्या अजून. आत्ता कुठी दिसू राह्यली होती.’’

नाना बाजूला झाले. काकू पाइपाला अशा चिकटल्या की आता त्यांना भरताचंही आमिष पुरलं नसतं. महिन्याभरात माझी बदलीची ऑर्डर आली आणि मी धुळ्याला आले, पण नाना म्हटलं की मला दिसतात ते त्या वेळचे. बायकोमागे उत्तरेकडे तोंड करून ताठ उभे. डोळ्यांतून पाणी गालावर, गालावरून सदऱ्यावर ओघळतंय. आणि डॉक्टरांनी डोळ्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय, तेव्हा दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ते वाहू देताहेत.